नुरा कुस्ती म्हणू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या अंकात शेवटच्या पानावर एक लहान चौकट आली होती. मथळा होता, 'जपानी ललनांचा आखाडा'. एका मुलीनं दुसरीचे केस धरलेत असा फोटो, खाली सहा ओळी. जपानमध्ये बायकांच्या नुरा कुस्तीचा धंदा जोरात चालतो, निकाल आधीच ठरलेला असतो, मुली म्हणजे अभिनेत्रीच असतात आणि केस ओढण्याचा हा तमाशा बघायला पुरुष गर्दी करतात, असा त्यातला मजकूर. शेवटच्या ओळीत मेइको सातोमुरा नावाची 'अशीच एक' कुस्तीगीर नुकतीच निवृत्त झाल्याचा उल्लेख होता. शेजारच्या चौकटीत कुठल्याशा शेतकऱ्याच्या भल्यामोठ्या भोपळ्याची बातमी होती.

माझ्या भाचीनं कराडहून त्या पानाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'मावशी, तुझ्या पैलवान पोरींचं आलंय बघ पेपरात.' तिला वाटलं मला आनंद होईल. मी तेव्हा रात्रपाळी संपवून बसची वाट बघत उभी होते. दोनदा वाचलं. घरी आल्यावर झोप लागेना, म्हणून हे पत्र लिहायला बसले आहे. पत्र लांबेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

मी मूळची कराड तालुक्यातली. आमचं गाव खाशाबा जाधवांच्या गोळेश्वरापासून लांब नाही. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, तरुणपणी जत्रांतून कुस्त्या करायचे आणि पुढं गावच्या तालमीत पोरांना शिकवायचे. हौद्यातल्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मळली जाते. ताकाची कळशी आमच्या घरातून जायची आणि ती डोक्यावरून नेण्याचं काम माझं होतं. नऊ-दहा वर्षांची असेन. दारापर्यंत कळशी न्यायची, आत कुणीतरी पोरगा ती घ्यायचा, मी तिथूनच माघारी. एकदा दार उघडं होतं, आत कुणी नव्हतं, म्हणून मी हौद्यात एक पाय ठेवला. माती गार होती, लोण्यासारखी मऊ होती. तेवढ्यात मागून आबांचा आवाज आला, "पोरीच्या जातीनं हौद्यात पाय घालायचा न्हाई." ते रागावले नव्हते, दार लावून घ्यावं तसं सहज बोलले. पण त्या दिवशी त्यांनी हौदा पुन्हा खणून घेतला, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

आबा हेलसिंकीची गोष्ट फार सांगायचे. १९५२ साली खाशाबांनी कांस्यपदक आणलं, त्या गटाचं सुवर्ण जपानच्या शोहाची इशीनं नेलं आणि खाशाबांना हरवणाऱ्यांत तोही होता. 'जपान्याची कंबर बघाय पाहिजे होती,' असं आबा म्हणायचे. त्यांनी ती पाहिली कुठं होती? ऐकीवच सगळं. पण माझ्या डोक्यात जपान म्हणजे पैलवानांचा देश, ही गाठ तेव्हाच बसली.

२००६ साली माझ्या मिस्टरांना इथल्या विद्यापीठात संशोधनाचं काम मिळालं आणि आम्ही सेंदाईला आलो. तोक्योच्या उत्तरेला, बुलेट ट्रेननं दीड तासावरचं हे शहर. त्याच वर्षी ९ जुलैला इथल्या सन प्लाझा सभागृहात 'सेंदाई गर्ल्स प्रो-रेसलिंग' या महिला कुस्तीच्या संस्थेचा पहिला कार्यक्रम झाला. मला तेव्हा त्यातलं काही माहीत नव्हतं. भाषा येत नव्हती, थंडीची भीती वाटत होती आणि दुकानात मीठ कुठलं, साखर कुठली, हे ओळखण्यात दिवस जात होता.

पुढं मी वृद्धांच्या देखभाल केंद्रात कामाला लागले. तिथं माझ्याबरोबर काम करणारी एक बाई माझ्याहून चार वर्षांनी मोठी, पुढं ती माझी मैत्रीण झाली. एकदा आम्ही एका आजोबांना पलंगावरून उचलून खुर्चीत बसवत होतो. मी त्यांच्या काखेखालून हात घालून कंबर अशी धरली, की ती हसून म्हणाली, 'तू कुस्ती खेळलीस काय?' मी म्हटलं, नाही, वडील खेळायचे. ती एकदम गंभीर झाली आणि म्हणाली, 'रविवारी माझ्याबरोबर चल.'

त्या शनिवारी संध्याकाळी मी तिच्या घरी गेले तर ती जमिनीवर बसून रंगीत कागदी फितींची भेंडोळी सोडवत होती. आपल्याकडं लग्नाच्या मांडवाला लावतात तशा पातळ फिती. प्रत्येक भेंडोळ्याच्या मध्ये पुठ्ठ्याची कडक नळी असते. ती नळी काढून टाकायची आणि फीत पुन्हा हलक्या हातानं गुंडाळायची. आवडत्या खेळाडूचं नाव पुकारलं की प्रेक्षक या फिती रिंगमध्ये फेकतात. आतला पुठ्ठा तसाच राहिला तर कुणाच्या तरी डोळ्याला लागेल, म्हणून आदल्या रात्री बसून हे करायचं. तिनं मलाही दोन भेंडोळी दिली. तास-दीड तास आम्ही दोघी नळ्या काढत बसलो होतो. आपण ज्याला केस ओढण्याचा तमाशा म्हटलंत, त्याच्या आदल्या रात्री एका चाळिशी ओलांडलेल्या बाईच्या घरात काय चालतं, ते मला तुम्हाला दाखवायचं होतं.

दुसऱ्या दिवशीच्या कुस्तीचं सभागृह आपल्या तालुक्याच्या सांस्कृतिक भवनाएवढंच. मधोमध रिंग. ट्रॅकसूट घातलेल्या तीन-चार पोरी धावपळ करत होत्या. या शिकाऊ मुली. अजून रिंगमध्ये उतरायची परवानगी नाही, पण खुर्च्या मांडायच्या, दोर ताणून बघायचे, फिती पडल्या की डोळ्याचं पातं लवायच्या आत गोळा करून रिंग साफ करायची, ही त्यांची कामं. तालमीत नवं पोरगं आलं की आबा त्याला आधी वर्षभर माती खणायला लावत, तेच मला आठवलं. मध्यंतरात मोठ्या खेळाडू स्वतः टेबल मांडून आपले फोटो नि टी-शर्ट विकत बसल्या. अर्ध्या तासापूर्वी आपटलेली बाई सुटे पैसे मोजून देत होती आणि दोन्ही हातांनी वाकून आभार मानत होती.

रिंग म्हणजे गादी नव्हे, हे आपल्या वाचकांना सांगायला हवं. खाली लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, त्यावर पातळ मॅट आणि वरून ताणून बांधलेलं कापड. माणूस पाठीवर पडला की फळ्यांचा आवाज येतो, धाड्. पहिल्या रांगेत तो छातीत बसतो. त्या पडण्यालाच इथं 'उकेमी' म्हणतात. हनुवटी छातीला चिकटवायची, म्हणजे डोकं मागं आपटत नाही. दोन्ही हात पसरून तळव्यांनी जमीन मारायची, म्हणजे मार पाठभर वाटला जातो. श्वास सोडायचा. नवी मुलगी आधी महिनोन् महिने एवढंच शिकते. ज्युदोतून आलेलं हे शास्त्र आहे. ते नीट जमलं नाही तर पुढचं काहीच शिकवत नाहीत, आणि संस्थेची परीक्षा पास झाल्याशिवाय लोकांसमोर उतरू देत नाहीत.

आता मुद्द्यावर येते. निकाल आधी ठरलेला असतो का? हो, बहुतेक वेळा असतो. ते लपवण्याचं मला कारण नाही. पण म्हणून त्याला नुरा कुस्ती म्हणणं चूक आहे. नुरा कुस्ती म्हणजे काय, हे पैलवानाच्या घरात वाढलेल्या पोरीला विचारा. दोघं आतून संगनमत करतात, इनाम वाटून घेतात आणि फडातल्या लोकांना खरी म्हणून खोटी कुस्ती दाखवतात, ती नुरा. लोकांची फसवणूक हा तिचा गाभा. इथं कोण कुणाला फसवतं? सभागृहातल्या प्रत्येकाला माहीत असतं. माझ्या मैत्रिणीला वयाच्या चौदाव्या वर्षीही माहीत होतं. दशावतारात राक्षस मरणार हे ठाऊक असतं, म्हणून कोकणातला माणूस रात्रभर जागायचा थांबत नाही, आणि राक्षस झालेल्या नटाला कुणी फसव्या म्हणत नाही. त्यातही दशावतारातला राक्षस दोरावर चढून आठ फुटांवरून कुणाच्या अंगावर उडी घेत नाही.

ऑगस्ट १९९७ मध्ये हिरोशिमाच्या एका लढतीत प्लम मारिको ही खेळाडू कोसळली आणि दुसऱ्या दिवशी गेली. निकाल ठरलेला होता की नव्हता, याचा तिच्या डोक्याला बसलेल्या माराशी काही संबंध नव्हता.

आणखी एक गोष्ट, जी ऐकून आबा उठून बसले असते. 'झेन्जो', म्हणजे ऑल जपान विमेन्स प्रो-रेसलिंग ही मोठी संस्था, मात्सुनागा बंधूंनी १९६८ साली काढली. इथं 'जोशी' म्हणजे स्त्री, त्यावरून हे 'झेन्जो'. तिथं काही लढतींचा निकाल ठरवलेला नसायचा, विशेषतः नव्या मुलींच्या. डावपेच करून झाले की शेवटी एकमेकींना पाडून दाबून धरायची खरीखुरी झुंज व्हायची. पंच तीन मोजेपर्यंत समोरचीचे दोन्ही खांदे टेकवून ठेवायचे. याला 'ओसाएकोमी' म्हणत. ही आपली चितपटच झाली की! पोरी त्यात जीव खाऊन लढत, कारण त्यावर संस्थेतली पायरी ठरायची. महिला कुस्ती ऑलिंपिकमध्ये आली २००४ साली. त्याच्या कितीतरी आधी ज्या मुलीच्या अंगात रग होती, तिला हे एक दार उघडं होतं.

पुरुष गर्दी करतात, असं आपण लिहिलंत. आज प्रेक्षकांत पुरुष जास्त असतात, हे खरं आहे. पण ऐंशीच्या दशकात चिगुसा नागायो आणि लायनेस आसुका यांची 'क्रश गॅल्स' ही जोडी खेळायची, तेव्हा सभागृहं शाळकरी मुलींनी भरलेली असायची. मुली कपाळाला पट्टी बांधून, गळा बसेपर्यंत त्यांची नावं घ्यायच्या. माझी मैत्रीण त्यांतलीच. त्या काळात शिकाऊ मुलगी म्हणून घ्या, असे झेन्जोकडं मुलींच्या अर्जांचे ढीग लागत.

२८ ऑगस्ट १९८५ ची गोष्ट ती अजून डोळ्यांत पाणी आणून सांगते. ओसाकाच्या सभागृहात चिगुसाची लढत डंप मात्सुमोतोशी होती. डंप म्हणजे खलनायिका, रंगवलेला चेहरा, हातात साखळी. अट अशी की हरणारीचं मुंडण. चिगुसा हरली. रक्तानं माखलेल्या चिगुसाला रिंगच्या मधोमध खुर्चीत बसवून डंपच्या टोळीनं तिचे केस कापले. माझी मैत्रीण सेंदाईला घरात टीव्हीसमोर होती. ती सांगते, 'आई स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं घरात कुणी गेलं की काय, एवढी मी रडत होते.' दुसऱ्या दिवशी शाळेत वर्गातल्या मुली एकमेकींशी बोलत नव्हत्या. चाळीस वर्षं झाली या गोष्टीला. निकाल ठरलेला होता म्हणून ते रडणं खोटं होतं, असं तिला कोण सांगणार?

त्या काळचे नियम मात्र वाईट होते, तेही लिहायला हवं. झेन्जोत मुलींना दारू बंद, सिगारेट बंद आणि पुरुषाशी मैत्रीही बंद. वयाची पंचविशी आली की निवृत्त व्हायचं. मुलगी कितीही चांगली खेळत असो, पंचविसाव्या वर्षी ती म्हातारी. आपल्याकडं पोरीच्या लग्नाचं वय मोजतात, तसंच ते मोजणं. चिगुसासुद्धा १९८९ मध्ये अशीच बाहेर पडली. चार वर्षांनी परतली आणि पुढं तिनं 'गाया' ही स्वतःची संस्था काढली. १५ एप्रिल १९९५ ला तोक्योच्या कोराकुएन हॉलमध्ये गायाचा पहिला कार्यक्रम झाला. त्या दिवशी पदार्पण करणाऱ्यांत नीगाताकडची, ज्युदो खेळलेली एक पंधरा वर्षांची मुलगी होती. मेइको सातोमुरा.

हीच आपल्या चौकटीतली 'अशीच एक'.

एप्रिल २००५ मध्ये एकाच महिन्यात गाया बंद पडली आणि झेन्जोही. तेव्हा सातोमुराबाईंची पंचविशी झालेलीच होती. जुन्या नियमानं घरी बसायचं वय. त्यांनी जिन्सेइ शिन्झाकी या कुस्तीगिराबरोबर सेंदाईत नवी संस्था उभी करायला घेतली. तोक्योत नव्हे, सेंदाईत. हे मला फार मोठं वाटतं. या देशात नाव कमवायचं तर तोक्योला जावं लागतं, आपल्याकडं मुंबईला जातात तसं. बाईंनी ईशान्य जपानच्या गार, मागं पडलेल्या तोहोकु भागात बस्तान बसवलं, इथल्याच मुली घेऊन शिकवायला सुरुवात केली. पहिल्या तुकडीत दोन सख्ख्या बहिणी होत्या. धाकटी २०१६ मध्ये निवृत्त झाली. थोरली, डॅश चिसाको, अजून खेळते. दोराच्या टोकावर चढून ती उडी घेते तेव्हा मी आजही डोळे मिटते. चाहते या संस्थेला 'सेंजो' म्हणतात. मीही तेच म्हणते.

११ मार्च २०११ चा दिवस आम्ही सगळ्यांनी पाहिला. दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी जमीन हलायला लागली ती थांबेचना. मी केंद्रात होते, एका आजींच्या अंगावर आडवी झाले होते, कपाट माझ्या पाठीशेजारी कोसळलं. समुद्राकाठच्या आराहामाच्या शाळेच्या गच्चीवर तीनशेवर माणसं चढून वाचली, त्या शाळेच्या आजूबाजूचं गाव त्सुनामीनं पुसून नेलं. कितीतरी दिवस नळाला पाणी नव्हतं. कुस्तीचं नाव कोण काढणार? संस्था बुडाली असं सगळे धरून चालले होते. त्या वर्षी सातोमुराबाईंनी संस्थेचं प्रमुखपद स्वतःच्या अंगावर घेतलं. पोरींना शिकवायच्या, स्वतः खेळायच्या आणि हिशेबही बघायच्या. त्या वर्षात कधीतरी माझ्या मैत्रिणीनं पुन्हा फितींची भेंडोळी आणली. तिच्या घरातली भांडी फुटली होती, भिंतीला तडा होता आणि ती खाली बसून पुठ्ठ्याच्या नळ्या काढत होती. मी काही न बोलता तिच्याशेजारी बसले.

बाईंना इथं 'महिला कुस्तीची योकोझुना' म्हणतात. योकोझुना म्हणजे सुमोतला सर्वोच्च मान. २०२१ मध्ये, एक्केचाळिसाव्या वर्षी, त्यांनी ब्रिटनमधल्या डब्ल्यूडब्ल्यूईचा महिला किताब जिंकला आणि वर्षाहून अधिक काळ राखला. २९ एप्रिल २०२५ ला त्या कोराकुएन हॉलमध्येच निवृत्त झाल्या, जिथं पंधराव्या वर्षी पहिल्यांदा उतरल्या होत्या तिथंच. वय ४५. तीस वर्षं. मला तिकीट मिळालं नाही आणि त्या दिवशी पाळीही होती. इथं निवृत्त होणाऱ्या खेळाडूसाठी घंटेचे दहा ठोके देण्याची रीत आहे. सगळं सभागृह उभं राहून ते ऐकतं. मी केंद्रातल्या जेवणघरात ताटं पुसत होते आणि घड्याळाकडं बघत होते.

आबांबद्दल थोडं लिहिते आणि थांबते. काही वर्षांपूर्वी सुट्टीत गावी गेले तेव्हा मी त्यांना फोनवर एक लढत दाखवली. सातोमुराबाईंसमोर त्यांचीच शिष्या चिहिरो हाशिमोतो होती. ही हाशिमोतो कॉलेजात खरी कुस्ती, मॅटवरची, खेळून आलेली. मी मनातून घाबरले होते. आबा चष्मा लावून, फोन नाकाजवळ धरून बघत होते. पहिली काही मिनिटं गप्प. दोर बघून तोंड वाकडं केलं. मग हाशिमोतोनं मागून कब्जा घेतला, कंबरेला मिठी मारली आणि समोरचीला उचलून स्वतः मागं कमान करत डोक्यावरून फेकलं. पाय रोवलेले, मानेवर सगळा भार, तसाच पूल धरून ठेवला तीन मोजेपर्यंत. आबा म्हणाले, "थांब. पुन्हा दाव." मी पुन्हा दाखवलं. तिसऱ्यांदा दाखवलं. मग म्हणाले, "मान बघ तिची. ही मान फुकट येत न्हाई. ही पोर रोज घासतीया."

मी विचारलं, "आबा, ही कुस्ती आहे का?"

ते म्हणाले, "कुस्ती न्हाई. पण पोर पैलवान हाय."

२०२३ च्या मार्चमध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली. त्या रात्री आबांचा फोन आला. जपानमध्ये मध्यरात्र उलटून गेली होती, मला वाटलं काहीतरी वाईट झालं. आबा एवढंच म्हणाले, "सांगलीत पोरी खेळल्या गं. माणसं उभी ऱ्हाऊन बघत हुती." मग बराच वेळ बोलले नाहीत. त्यांना कळशी आठवली असेल का, मी विचारलं नाही. गेल्या थंडीत आबा गेले.

संपादक महोदय, छापलेल्या शब्दाला वजन असतं, हे आपल्याला मी सांगायला नको. इथं 'स्टारडम' या संस्थेत हाना किमुरा नावाची मुलगी होती. तिची आई क्योको, तीही कुस्तीगीर. हाना टीव्हीवरच्या एका रिॲलिटी शोमध्ये गेली. तिथं बरोबरच्या एका मुलाकडून तिचा कुस्तीचा पोशाख धुताना खराब झाला आणि ती त्याच्यावर चिडली. तो पोशाख घालून ती तोक्यो डोम या भल्यामोठ्या स्टेडियममध्ये खेळली होती, तिच्यासाठी तो काय असेल, हे पैलवानाच्या घरात कळतं. पण इंटरनेटवर तिच्यावर शिव्यांचा पाऊस पडला. रोज, शेकडो. २३ मे २०२० ला तिनं आयुष्य संपवलं. बावीस वर्षांची होती. कुणाचा अपमान केला म्हणून होणारा दंड तेव्हा दहा हजार येनपेक्षाही कमी होता. तिच्या आईनं लढा दिला आणि २०२२ मध्ये कायदा बदलून एक वर्षापर्यंत कैद किंवा तीन लाख येनपर्यंत दंड, अशी तरतूद झाली. आपल्या सहा ओळींची त्या शिव्यांशी बरोबरी मी करत नाही. पण 'ललना', 'तमाशा', 'नुरा' हे शब्द ज्या मुलींवर पडले, त्यांना मी समोरून पाहिलं आहे, सुटे पैसे मोजताना.

माझी मागणी छोटी आहे. या विषयावर पुन्हा लिहाल तेव्हा भोपळ्याशेजारी नको, क्रीडा पानावर किंवा रविवारच्या पुरवणीत लिहा. तिथंही जागा नसेल तर लिहूच नका. केस धरलेला फोटो नको. पोरगी पूल धरून उभी आहे, असे शेकडो फोटो मिळतील. आणि मेइको सातोमुरा यांचं नाव 'अशीच एक' न म्हणता नीट छापा. जमल्यास निवृत्तीची तारीख आणि तीस वर्षं एवढं तरी.

आपला कुणी प्रतिनिधी जपानला आला तर त्याला एक दिवस सेंदाईला पाठवा. तोक्योहून हायाबुसा गाडी पकडायची. सेंदाई स्टेशनात दुसऱ्या मजल्यावर रंगीत काचांची मोठी भिंत आहे, इथली माणसं एकमेकांना तिथंच भेटतात. मी तिथं उभी असेन. सेंजोचा कार्यक्रम असेल त्या दिवशीचं तिकीट माझ्याकडून, माझ्या मैत्रिणीशेजारची खुर्ची. एक भेंडोळं त्यांच्यासाठीही पुठ्ठा काढून तयार ठेवते.

आपली नम्र,
एक वाचक
(मूळ गाव कराड तालुका, जि. सातारा, सध्या सेंदाई, जपान)